घर, शेड आणि चौदा पायऱ्यांच्या शिडीची विल्हेवाट

मी, खाली सही करणारी, वय वर्षं पंचावन्न, अविवाहित, कारखान्याच्या सुट्या भागांच्या कोठारात सत्तावीस वर्षं भांडारपाल म्हणून काम करून निवृत्त झालेली आणि या भागात 'कोठारबाई' म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेनाने, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. वकीलबाईंनी तीन प्रश्न विचारून तशी खात्री करून घेतली. तिसऱ्याचं उत्तर त्यांनाच येत नव्हतं. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. दडपण आणणं ज्यांना जमायचं ते वडील बारा वर्षांपूर्वी गेले आणि बाकीच्यांनी प्रयत्न करून सोडून दिला.

निमित्त असं, की येत्या गुरुवारी माझ्या हृदयातली एक झडप बदलायची आहे. सत्तावीस वर्षं मी झडपा दिल्या. पितळी, बिडाच्या, दोन इंची, चार इंची. मापाची खात्री असल्याशिवाय एकही झडप माझ्या खिडकीतून बाहेर गेली नाही. सर्जनना विचारलं, "बसेल ना नीट?" तर म्हणाले, "बसायला हरकत नाही." हे वाक्य माझ्या हाताखालच्या पोराने उच्चारलं असतं तर मी त्याला नट-बोल्ट वेगळे करायला बसवलं असतं. सर्जनना तसं बसवता येत नाही, म्हणून मृत्युपत्र.

वकीलबाईंनी बजावलं आहे की खाडाखोड करायची नाही. कोठारातही हाच नियम होता: चुकलेली नोंद खोडायची नाही, खाली दुरुस्तीची नोंद टाकायची. त्यामुळे वरचं एखादं कलम पुढे रद्द झालेलं दिसलं, तर ती शिस्त समजावी.

कलम १. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रं रद्द. तसं एकच केलं होतं, तोंडी, चुलतभावासमोर, तो चौथ्यांदा चहा मागायला लागला तेव्हा.

कलम २. स्थावर मालमत्ता. राहतं घर, खोल्या चार. मागची पत्र्याची शेड. शेडला लागून पाण्याची टाकी. तीन बाजूंचं कुंपण आणि चौथ्या बाजूला जिथे कुंपण असायला हवं होतं तिथली बोरीची झाडं. हे सर्व मी माझ्या चुलतभावाला देत आहे.

चुलतभाऊ फरशा विकतो. गेल्या महिन्यात तो "सहज" आला होता, खिशात मोजपट्टी घेऊन.

"ताई, ही शेड पाडली ना, की सहा गाड्या आरामात उभ्या राहतील."

"कुणाच्या?"

"येतील कुणाच्या तरी."

"आणि शेडमधलं सामान?"

"सामान कसलं ताई, अडगळ आहे ती!"

अडगळ. ज्या शेडमध्ये दोनशे बारा डबे आहेत, प्रत्येक डब्यावर क्रमांक आहे, प्रत्येक क्रमांकाचं कार्ड आहे, आणि डोळे बांधून आत सोडलं तरी मी पाऊण इंची वॉशर काढून देईन, तिला हा अडगळ म्हणाला. माझे डोळे मिटल्यावर वर्षाच्या आत तो शेड पाडेल आणि अंगणात सरसकट फरशी टाकेल, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरीही घर त्यालाच. कारण खालचं कलम.

कलम ३. माझा सख्खा धाकटा भाऊ, ज्याला घरात सगळे धाकटा म्हणतात आणि जो आता पन्नाशीचा आहे, त्याला या मालमत्तेतलं काहीही, एक खिळासुद्धा, मिळू नये. त्याचं पंपदुरुस्तीचं गॅरेज आहे, ते त्याला पुरे.

कारण नोंदवते. धाकट्याला वस्तू नेण्याचा अवयव जन्मतः आहे, परत आणण्याचा नाही. ड्रिल नेलं, ते परत आलं पण बिटाशिवाय. ताडपत्री नेली, ती टॉवेलाएवढी होऊन आली. एकचाकी गाडा नेला, त्याचं चाक तेवढं आलं. अकरा वर्षांपूर्वी, वडिलांना जाऊन जेमतेम वर्ष झालं असताना, तो दारात उभा राहिला. "ताई, बाबांची शिडी दे ना दोन दिवस." मी नाही म्हटलं. ती शिडी बाबांनी स्वतः केलेली. चौदा पायऱ्या. पुढे महिन्याभरात पन्हळी साफ करायला शिडी हवी होती, तर शिडी नाही. घर पाहिलं, शेड पाहिली. मुख्य म्हणजे कार्डपेटी पाहिली. 'शि'मध्ये शिडीचं कार्ड नव्हतं. म्हणजे शिडी घरात नव्हती.

मी थेट त्याच्या गॅरेजमध्ये गेले.

"शिडी दे."

"कुठली शिडी?"

"बाबांची."

"मी नाही नेली, ताई."

"मग काय, तिला पाय फुटले?"

"ताई, गिऱ्हाइकं आहेत."

"असू देत की! त्यांनाही कळू दे, या चोराकडे पंप ठेवला तर परत मिळतो की नाही."

चारपाच जण होते. दोघांनी पंप तिथूनच उचलून नेले. त्या दिवसापासून धाकटा माझ्याशी बोललेला नाही आणि मी त्याच्याशी. पण लोक बोलतात. गॅरेजवर त्याने मोठ्या अक्षरांत काहीबाही नाव रंगवलं आहे, ते कुणी वाचत नाही. सगळे 'शिडीवाल्याचं गॅरेज' म्हणतात. नवीन माणूस विचारतो, शिडी दुरुस्त होते का इथे? मग त्याला सगळी कथा ऐकवली जाते.

मला याचं वाईट वाटत नाही, असं मी इथे लिहिते आहे.

कलम ४. हत्यारं. शेडच्या उत्तरेच्या भिंतीवर प्रत्येक हत्याराचा आकार काळ्या रंगाने काढलेला आहे, म्हणजे पटाशी जागेवर नसली तर भिंतच चुगली करते. करवती तीन, रंधे दोन, पटाश्या सात, गिरमिटं, कानशी, पकडी, पान्हे एक ते बत्तीस. ही सर्व हत्यारं माझ्या नेहमीच्या सुताराला द्यावीत. तो उशिरा येतो, पण रंधा वापरून झाल्यावर कुशीवर ठेवतो, पात्यावर उभा ठेवत नाही. अशा माणसाला उशीर माफ असतो. सोबत भिंत देता येत नाही, त्याचं त्याने काढून घ्यावं.

कलम ५. कार्डपेटी, डबे आणि त्यातला माल भाचीला, म्हणजे धाकट्याच्या मुलीला. कलम तीन तिला लागू नाही. ती चोवीस वर्षांची आहे, बापाच्या गॅरेजमध्ये पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळते, आणि गेली पाच वर्षं बापाला न सांगता दर तीन महिन्यांनी माझ्या टाकीत उतरते. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "आत्या, तुमची टाकी रस्त्यापर्यंत वाहतेय. बॉलकॉक गेलाय." मी म्हटलं, "क्रमांक एकशे सदतीस." ती शेडमध्ये गेली, डबा काढला, बॉलकॉक बसवला, डबा परत ठेवला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कार्डावर 'एक वजा' लिहिलं. मी त्या दिवशी दार लावून थोडी रडले. हे तिला मी गेल्यावरच कळावं.

बँकेत जे काही आहे त्यातून इस्पितळाने काही शिल्लक ठेवलं, तर तेही तिला.

कलम ६. घराची निगा. हे घर ज्याच्या हातात जाईल त्याच्यासाठी. चुलतभाऊ हे वाचणार नाही, तरी लिहिते, कारण न लिहिता मरणं मला जमणार नाही.

पन्हळी पावसाच्या महिनाभर आधी. नंतर साफ करणं म्हणजे पाहुणे गेल्यावर झाडू मारणं. बिजागऱ्यांना तेल एक थेंब, दोन नाही. दुसरा थेंब फक्त धूळ जमा करतो. टाकी तीन महिन्यांनी. रंगाचा उरलेला डबा उलटा ठेवावा, म्हणजे साय तळाला धरते आणि झाकण आपोआप बंद राहतं. पाण्याचा पाइप खुंटीवर टांगू नये, त्याचा गळा आवळला जातो. मोडक्या बादलीचं बूड भिंतीला ठोकून त्यावर गुंडाळावा. दोऱ्या, ज्या 'कधीतरी लागतील' म्हणून बाबांनी ठेवल्या, त्या अजून लागलेल्या नाहीत. पण टाकू नयेत. टाकल्या की दुसऱ्या दिवशी लागतात.

पन्हळींसाठी शिडी रंगाऱ्याकडून मागावी. त्याची अॅल्युमिनियमची आहे. दर वर्षी तो शिडी भिंतीला लावतो आणि विचारतो, "भावाने दिली नाही अजून?" मी म्हणते, "नाही." अकरा वेळा म्हटलं आहे. यापुढे चुलतभावाने म्हणावं.

येथपर्यंत शनिवारी लिहून झालं.

कलम ७. दुरुस्तीची नोंद. रविवार.

शेडच्या माळ्यावरच्या फळ्या चांगल्या सागवानी आहेत. त्या मृत्युपत्रात कुठे टाकायच्या हे ठरवायला, वाळवी लागली आहे का ते बघ म्हणून सुताराला बोलावलं. अकराला येतो म्हणाला, दीडला आला. टेबल ओढून त्यावर उताणा पडला आणि माळ्याच्या खालून मारलेलं प्लायवूड एका कोपऱ्यात उचकटलं. टॉर्च लावली. आत इकडून तिकडे फिरवली.

"वाळवी आहे का रे?"

"वाळवी नाही बाई. पण याला आडव्या पट्ट्या आहेत. सारख्या अंतरावर."

"मजबुतीला घातल्या असतील."

"कोणी?"

"मीच की. हा माळा मी केलाय."

"मोजू का?"

"मोज."

त्याने मोजल्या. टेबलावर उताणा पडूनच मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"चौदा आहेत, बाई."

"मग?"

"हा माळा शिडीचा आहे."

"माळ्याला शिडी नाहीच, म्हणून तर मी स्टुलावर चढते."

"माळ्याला लावायची नव्हे हो. माळाच शिडी आहे."

मी दुसरं टेबल ओढलं आणि स्वतः उताणी पडले. सातवी पायरी बाबांनी उलटी बसवली होती, गाठ वर आलेली. ती गाठ माझ्याकडे बघत होती.

आता काय झालं होतं ते क्रमाने लिहिते. अकरा वर्षांपूर्वी सलग तीन दिवस सुटी घेऊन मी शेड लावायला काढली. डब्यांना जागा पुरेना. दोन तुळयांवर एक लांब, मजबूत, सरळ वस्तू आडवी टाकली, तिच्यावर फळ्या, फळ्यांवर डबे. खाली धूळ गळू नये म्हणून प्लायवूड ठोकलं. मग घरातल्या सगळ्या वस्तूंबरोबर हिचंही पहिल्यांदाच कार्ड केलं, कारण कार्डाशिवाय माझ्या घरात मांजरसुद्धा राहत नाही. ते कार्ड आज काढून पाहिलं. 'आ'मध्ये आहे. माझंच अक्षर: आधार, माळ्याचा, लाकडी, लांब. नग एक.

आमच्या धंद्यात हा पहिल्या दिवशी शिकवायचा धडा आहे. वस्तूचं नाव लिहायचं, ती सध्या करत असलेलं काम लिहायचं नाही. टेकू म्हणून लावलेल्या लोखंडी पाइपचं कार्ड 'टेकू' असं केलं, तर पाइप शोधणारा जन्मभर फिरतो. हे मी किमान तीस पोरांना शिकवलं. त्यातल्या एकाला याच चुकीपायी पूर्ण रविवार कामावर बोलावलं होतं. तो आता मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याला हे कळू नये.

आणि शिडी शोधताना मी काय केलं? 'शि' पाहिला. स्वतःचे हात, स्वतःची पाठ, त्या तीन दिवसांची कंबरदुखी, यातल्या कुणालाच विचारलं नाही. कार्ड नाही म्हणजे वस्तू नाही, आणि वस्तू नाही म्हणजे धाकटा. ज्या माळ्याखाली उभी राहून मी त्याला शिव्या घातल्या, तो माळा तीच शिडी होती. अकरा वर्षं.

सुतार टेबलावरून उतरून खोक्यावर बसला होता आणि तोंडावर हात धरून हलत होता.

"हसू नकोस."

"नाही हसत."

"हे कुणाला बोलायचं नाही."

"आणि धाकट्याला?"

"त्याला मी सांगेन. यात लिहीन."

"कशात?"

"मृत्युपत्रात."

त्याचं हलणं थांबलं. "म्हणजे तुम्ही मेल्यावर?"

"तेच सोयीचं पडतं."

"बाई, हत्यारं दिली नाहीत तरी चालतील, पण हे काही बरोबर नाही."

"तू प्लायवूड ठोक परत."

कलम ८. त्याच रविवारी, संध्याकाळी. वरील कलम दोन आणि कलम तीन रद्द. घर, शेड, टाकी, कुंपण आणि बोरी हे सर्व माझ्या धाकट्या भावाला द्यावं. चुलतभाऊ त्याची मोजपट्टी इथे विसरून गेला आहे, ती त्याला मिळावी. घर भावाला देण्याचं कारण कलम सातमध्ये सविस्तर आहे. माझ्या पश्चात वकीलबाईंनी ते त्याला वाचून दाखवावं. तो चिडेल. मी तिथे नसेन. बदल्यात चार खोल्यांचं घर त्याला मिळेल, तेव्हा फार काळ चिडू नये.

वाचून पाहिलं. फार नीटनेटकं वाटलं. मी गाढ झोपले, हे लिहायला लाज वाटते.

कलम ९. सोमवारी सकाळी साडेसातला फाटक वाजलं. सुताराने रविवारी "ठेवतो की तोंड बंद" म्हटलं होतं. नंतर कळलं, रात्रीच्या जेवणापर्यंत ठेवलं.

धाकटा. अकरा वर्षांत माझ्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदा. केस पांढरे झाले आहेत, ते मी रस्त्याच्या पलीकडून पाहिले होते; पोट मात्र जवळूनच दिसतं. आल्याआल्या म्हणाला, "माळा कुठाय?"

तो शेडमध्ये गेला. टेबल ओढलं, आडवा झाला, प्लायवूडचा कोपरा बोटाने खाली ओढला. (सुताराने चार खिळ्यांच्या जागी एकच मारला होता. त्याला हत्यारं द्यायची की नाही याचा मी पुन्हा विचार केला.) मी दारात उभी. बोलायला घरात शब्दांचे इतके डबे, एकाचं झाकण उघडेना. शेवटी म्हटलं, "चहा?"

"सातवी उलटीच आहे," तो वरच बघत म्हणाला.

"हो."

"बाबांना मी तेव्हाच सांगितलं होतं."

"घर तुझ्या नावावर केलंय," मी म्हटलं.

तो उठून बसला. "कशाला?"

मी कागद दिले. त्याने कलम सात वाचलं, आठ वाचलं. चष्मा कपाळावर ढकलला.

"म्हणजे हे लोकांना कळणार कधी? तू गेल्यावर."

"गुरुवारीसुद्धा असू शकेल. फार थांबावं लागणार नाही."

"आणि झडप नीट बसली तर?"

 हा विचारच मी केला नव्हता.

"बसली तर तू अजून वीस वर्षं जगणार," तो म्हणाला. "तू तशी आहेसच. आणि वीस वर्षं मी शिडीवाला. पोरगी पंप घेऊन कुणाच्या विहिरीवर गेली की लोक म्हणतात, शिडीवाल्याची आली. ताई, मला तुझ्या मरणाची वाट बघायला लावू नकोस. मला ते जमणार नाही."

मी म्हटलं, "घर देतेय ना!"

"घर देऊन गप्प बसवतेस. नको मला घर. तुझ्या पन्हळी, तुझे बॉलकॉक. माझ्याच घराचा नळ वर्षभर गळतोय." मग कागद उलटेपालटे करत विचारलं, "साक्षीदार कोण आहेत?"

"सुताराला करणार होते. पण त्याला हत्यारं दिलीत. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं, असं वकीलबाई म्हणाल्या."

"असं?" त्याने चष्मा कपाळावरून परत नाकावर घेतला. "मग मला काही देऊ नकोस."

"का?"

"मला साक्षीदार व्हायचंय. वर सगळं खरं लिहिलंय, खाली माझी सही. आणि सही माझ्या गॅरेजमध्ये करायची. आधी मोठ्याने वाचायचं. मला चोर म्हणालीस तिथे उभं राहून."

"उद्या सकाळी आठला येते."

"आठला कुणी नसतं."

"म्हणूनच म्हटलं."

"अकराला," धाकटा म्हणाला. "अकराला गर्दी असते." आणि चहा न घेता गेला. फाटकाची बिजागरी वाजली, तर तिथूनच ओरडला, "तेल घाल हिला, कोठारबाई!"

कलम १०. मंगळवार. अंतिम. कलम आठ रद्द, चुलतभावाची मोजपट्टी वगळून. घर, शेड, टाकी, कुंपण आणि बोरी माझ्या भाचीला द्यावीत. तिला विचारलं आहे. ती म्हणाली, "घेईन, पण आत्या, डब्यांची रचना मी बदलणार." मी म्हटलं, माझ्यानंतर. ती म्हणाली, "नाही, बुधवारी तुम्ही भरती झालात की लगेच." ते ऐकून मी या कलमाखाली सही करता करता थांबले होते, हे इथे नोंदवते. मग केली. शिडी माळ्यातून काढून तिच्या जागी दोन वासे घालण्याचं काम सुताराला दिलं आहे, खिळे चार मारण्याच्या अटीवर. हत्यारं कायम.

माझ्या भावाला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. हे त्याच्याच मागणीवरून.

कलम ११. निवेदन. हे कलम आज, मंगळवारी, अकरा वाजून दहा मिनिटांनी धाकट्याच्या गॅरेजमध्ये, मोटारींच्या मधोमध उभं राहून, वकीलबाई, भाची आणि हजर असलेल्या नऊ गिऱ्हाइकांसमोर मी मोठ्याने वाचलं:

"आमच्या वडिलांची चौदा पायऱ्यांची शिडी माझ्या धाकट्या भावाने नेली नव्हती. ती मी स्वतः माझ्या शेडच्या माळ्यात आडवी घातली, तिच्यावर डबे ठेवले आणि विसरले. ती अकरा वर्षं माझ्याच घरात होती. मी याच जागी त्याला चोर म्हणाले. ते खोटं होतं. त्यानंतर ज्याने ज्याने विचारलं त्याला मी तेच सांगितलं, तेही खोटं होतं. चूक माझी आहे. मी त्याची माफी मागते."

शेवटचं वाक्य कालच्या मसुद्यात नव्हतं. ते मी तिथे उभी असताना, मोटारीच्या झाकणावर कागद ठेवून लिहिलं, म्हणून त्याचं अक्षर वेगळं आहे. खाडाखोड नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाठीमागून एकाने विचारलं, "म्हणजे आता शिडीवाली तुम्हाला म्हणायचं का?" मी म्हटलं, म्हणा. दुसरा म्हणाला, "झालं का? माझा पंप बघा आधी." त्यालाच साक्षीदार केलं. माझ्या घराण्याशी त्याचं काही देणंघेणं नाही, आणि त्याला घाई आहे. खोटी सही करायला माणसाला सवड लागते.

धाकटा सगळा वेळ एका पंपाचा नट घट्ट करत होता. नट केव्हाच बसलेला होता.

हे माझं शेवटचं मृत्युपत्र. गुरुवारनंतर ते वापरायची वेळ आली नाही, तर ते भाचीकडेच राहील. 'मृ'मध्ये. नावाने.

ठिकाण: धाकट्याचं पंपदुरुस्तीचं गॅरेज.
दिनांक: १८, मंगळवार. महिना आणि साल वकीलबाईंच्या शिक्क्यात वाचावं.

मृत्युपत्र करणारी: (सही) ताई, ऊर्फ आत्या, ऊर्फ कोठारबाई, आजपासून लोकांना हवं असल्यास शिडीवाली.

साक्षीदार १: (सही) अडीच हॉर्सपॉवरचा पंप दुरुस्तीला आणलेला शेतकरी. मजकूर ऐकला. पंप अजून झालेला नाही.

साक्षीदार २: (सही) धाकटा भाऊ. मजकूर ऐकला. शेवटचं वाक्य परत एकदा वाचायला लावलं. दोन्ही वेळा लिहिणारी जिवंत होती.